डोळ्यातलं दार

१

रुख्मिणी मूर्तींची तोंडं रंगवायला शिकली ती काही हौसेनं नव्हे. उंद्रीच्या कुंभारवाड्यात हौस पुरवायला कोणाकडे वेळ होता? तिला नवऱ्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवायचा होता, एवढंच.

आधी भुलाबाईचं सांगतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे घरोघर भुलाबाई बसते. मातीची वीतभर बाई, मांडीवर लेकरू, शेजारी तिचा भुलोजी. पार कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढं गाणी म्हणतात, डब्यात काय खिरापत आहे ते ओळखतात, अन् खाऊन पळतात. या जोड्या रुख्मिणीच्या सासरी तीन पिढ्या बनत होत्या. तिचे सासरे रंगराव तोंड रंगवायचे म्हणजे काय, तर पिवळा हात मारायचे, दोन टिपके ठेवायचे, खाली एक तांबडी रेघ ओढायचे. झाली भुलाबाई! कोणाची तक्रार नव्हती. मग बाहेरून प्लास्टरच्या जोड्या यायला लागल्या, गोऱ्यापान, पापण्यावाल्या. एका पोरीनं भर बाजारात रंगरावांना विचारलं, "आबा, तुमच्या भुलाबाईले कावीळ झाली का हो?" त्या दिवशी म्हातारा घरी आला तो भिंतीकडे तोंड करून निजला. जेवलासुद्धा नाही.

कुंभारकाम बसलं तसा रुख्मिणीचा नवरा निवृत्ती लोकांच्या वावरात फवाऱ्यावर जायला लागला. बीटी कपाशी आली तेव्हा सांगणारे छातीठोक सांगत होते, की आता अळी विसरा अन् औषध विसरा. लोक विसरले, अळी विसरली नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर जायची. आत शिरलेला माणूस बांधावरून दिसायचा नाही, नुसता पंपाच्या दांड्याचा आवाज यायचा, खट्-खट्, खट्-खट्. निवृत्ती संध्याकाळी घरी यायचा तो डोळे लालभडक, हाताला थरथर, भाकर समोर आली की ओकारी. पंप खुंटीवर टांगायचा अन् भिंतीला टेकून बसायचा. नऊ वर्षांची कावेरी, त्यांची एकुलती एक लेक, बापाजवळ जाताना नाक दाबून जायची.

"सोडा ना ते," रुख्मिणी म्हणायची.

"सोडून खाऊ काय? माती?"

"दीडशे जोड्या गेल्या तर सोडाल का?"

"कावीळ झालेल्या?" निवृत्ती हसला. हसताना त्याला खोकला आला.

"नाई," रुख्मिणी म्हणाली. "जित्या."

खामगावच्या एका दुकानदारानं तिला तसं सांगितलंच होतं. तोंडं प्लास्टरवाल्यांपेक्षा सरस निघाली तर दीडशे जोड्या घेतो, नाही तर एकही नको. रुख्मिणीनं घरात कोणाला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. करायला जाऊन काय होतं, हे पाहायला ती तयार होती. नवरा असा रोज थोडा थोडा संपताना पाहायला मात्र तयार नव्हती.

२

स्टँडजवळ जावेदचाचा राहायचे. सत्तरीचा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे मोर, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आलं अन् चाचा घरी बसले. रुख्मिणी चार कोऱ्या भुलाबाया पिशवीत घालून त्यांच्या दारात उभी राहिली.

"मूर्तीले मी हात लावत नाई, बेटी," चाचा म्हणाले. "ते आमच्यात चालत नाई. पण शिकवतो. हात तुहा, नजर माही."

अन् खरंच त्यांनी शेवटपर्यंत एकाही भुलाबाईला बोट लावलं नाही. ते फुटक्या बशीवर रंग कालवून दाखवायचे, रुख्मिणी मातीवर उतरवायची. माणसाचं कातडं एका रंगाचं नसतं, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं. डोळ्याखाली हिरवट, कानाच्या पाळीला तांबूस, नाकाच्या कडेला मातकट. डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं, दुधात पाणी घातल्यासारखं असतं. भुवई म्हणजे रेघ नव्हे, केस असतात, ते एकेक काढायचे. सुपारीएवढ्या तोंडावर! त्यासाठी खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, अन् शेवटी तर एकाच केसाचा. घड्याळ दुरुस्तीवाल्याचं डोळ्यात धरायचं भिंग चाचांनी तिला दिलं.

पहिल्या दहा भुलाबाया तापानं फणफणलेल्या निघाल्या. पुढच्या दहा पिऊन आल्यासारख्या. रंगराव एक उचलून म्हणाले, "हिले देशीच्या दुकानात बसवा, गिऱ्हाईक वाढंन." रुख्मिणीनं सगळ्या धुतल्या अन् पुन्हा रंगवल्या. महिना गेला. तोंडं बाईची दिसायला लागली, पण मेलेल्या बाईची.

"डोळ्यात उजेड नाई," चाचा म्हणाले. "उजेड नाई तो मुरदा. घरी लेक हाय ना? तिले दारासमोर बसव. डोळ्यात दाराचा उजेड पडते, एवढासा, खसखशीएवढा. तो जसा दिसंन तसा काढ. अन् एक बात पक्की ध्यानात ठेव. जे दिसते ते काढायचं. जे मालूम हाय ते नाई काढायचं. डोस्कं मधात आलं की काम बिघडलं."

३

घराचं दार मावळतीला. चारला शाळा सुटली की कावेरी यायची, चहा-पोळी खायची, अन् आतल्या बाजूला पाटावर दाराकडे तोंड करून बसायची. रुख्मिणी तिच्यासमोर, दाराकडे पाठ करून. उन्हं रुख्मिणीच्या खांद्यावरून कावेरीच्या तोंडावर यायची. मायलेकी अशा बसायच्या ते पार दिवेलागणीपर्यंत.

"माय, डोळे भरून आले."

"मिचकव अन् उघड."

"माय, नाक खाजवू का?"

"खाजव, पण मान नको हलवू."

"मी भुलाबाई झाल्यावर मले कोण खिरापत देते?"

"अवं, बस ना चुप! टकळी कुठची."

कावेरीच्या बुबुळात खरंच एक दार होतं. इवलंसं, पांढरं, चौकटीसकट. रुख्मिणी भिंगातून पाहायची, एका केसानं तेवढं दार भुलाबाईच्या डोळ्यात ठेवायची, अन् बाप्पा! ती मातीची बाई एकदम पाहायला लागायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा रुख्मिणीनं दचकून ब्रश खाली ठेवला होता. मग तिला हसू आलं, अन् मग रडूही आलं. आपल्या हातून असं काही होऊ शकतं हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या बारा जोड्या झाल्या तशा ती टोपलीत घालून चाचांकडे घेऊन गेली. चाचांनी भिंग लावलं. एक पाहिली, दुसरी पाहिली. "माशाअल्ला," म्हणाले. तिसरी पाहिली. मग परत पहिली.

"बेटी, दारात कोण उभं राह्यते?"

"कोणी नाई."

"सगळ्यायच्या डोळ्यात हाय."

रुख्मिणीनं भिंग घेतलं. पांढऱ्या दाराच्या मधोमध एक काळी रेघ होती. केसाएवढी. तिनंच काढलेली. प्रत्येक डोळ्यात, न चुकता. काढताना तिनं काही विचार केला नव्हता, दिसत होती म्हणून काढली होती.

"माहं डोस्कं असंन, चाचा. मी मधातच बसतो ना."

"तू बसलेली असतं," चाचा सावकाश म्हणाले. "हे उभं हाय."

४

दुसऱ्या दिवशी तिनं नीट पाहिलं. कावेरीच्या डोळ्यातल्या दारात खालच्या बाजूला एक गोल काळा ठिपका होता, ते तिचं डोकं. तिनं मान डावीकडे केली, ठिपका सरकला. रेघ सरकली नाही. ती पार पाटाच्या बाजूला झाली. ठिपका गेला, रेघ तिथंच.

तिनं वळून दाराकडे पाहिलं. अंगणात मातीचा ढीग, मूर्ती भाजायचा आवा, कडुनिंब, रस्त्यापलीकडे कोणाची तरी पऱ्हाटी. माणूस नव्हता. कडुनिंबाजवळ कपडे वाळवायच्या दोरीची मेढ मात्र होती. हात्तिच्या! मेढच दिसते, अन् आपण उगाच घाबरतो. तिनं कुदळ घेऊन ती मेढ उपटून टाकली.

"आता कपडे काय माह्या गळ्यात वाळू घालतं?" रंगराव ओरडले.

ती परत येऊन बसली. रेघ होती.

"कावेरी, दारात कोण हाय व?"

"कोणी नाई." पोर डोळे न हलवता म्हणाली. "कोंबडी हाय."

आता शहाण्या माणसानं काय करावं? रुख्मिणीनं जे केलं तेच. तिनं स्वतःला समजावलं, की भिंगात चीर असेल, एवढ्याशा जागेत डोळा फसतो, दिवसभर बारीक काम करून नजरेपुढं किडे येतात. हे सगळं पटण्यासारखं होतं. पटवून घेऊन ती रंगवत राहिली, अन् भुलाबाया एकीपेक्षा एक सरस उतरत राहिल्या.

आठवड्यानं रेघेला पाठ फुटली. म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत एक चौकोन तिला चिकटलेला दिसायला लागला. मग एका बाजूनं तिरपी काडी निघाली, हातात धरलेली. भिंगातून पाहता पाहता रुख्मिणीला ओळख पटली. पाठीवर पंप अन् हातात नळी. मान थोडी पुढं काढलेली, ओझं वाहणाऱ्याची असते तशी.

"आवो!" ती वळून ओरडली. "आले का?"

अंगणात कोंबडी होती. निवृत्ती तर सकाळीच अमडापूरकडच्या वावरात गेला होता.

तेव्हाच तिला आवाज आला. खट्-खट्. खट्-खट्. पलीकडच्या पऱ्हाटीतून येत असेल, फवाऱ्याचेच दिवस होते. तिनं तसंच धरलं. फक्त एवढंच, की पऱ्हाटी रस्त्याच्या पल्याड होती अन् आवाज दाराच्या अल्याड होता.

५

त्याच दिवशी दिवेलागणीला दोघा जणांनी निवृत्तीला मोटरसायकलवर मधे धरून आणलं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. वावरात पंपासकट आडवा पडला होता. तसाच चिखलीच्या दवाखान्यात नेला. तीन दिवस सलाईन चाललं. रुख्मिणी पलंगाच्या पायथ्याशी बसून होती अन् मनात एकच धरून होती. ते दारातलं सांगायला आलं होतं. आपल्याला कळलं नाही, पण माणूस वाचला. आता फिटलं.

चौथ्या दिवशी निवृत्ती डोळे उघडून म्हणाला, "काय व, भुलाबायाले मुंग्या लागल्या का एवढ्या दिवसात?"

"पंप सोडता का नाई, ते आधी सांगा. नाई तर मी कावेरीले घेऊन माहेरी जातो."

"सोडतो बाप्पा," तो म्हणाला. "सोडला."

अन् सोडला. बीबी गावचा साडभाऊ भेटायला आला होता, त्याच्या गाडीला पंप बांधून देऊन टाकला. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत रुख्मिणी दारात उभी होती. खुंटी रिकामी झाली. तिनं तिथं कावेरीचं दप्तर टांगलं.

दुकानदारही त्याच आठवड्यात आला. त्यानं एक भुलाबाई तळहातावर घेतली अन् दारातल्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली. "ही माह्याकडे पाहून राह्यली," असं शेवटी म्हणाला. दीडशे जोड्या पक्क्या झाल्या. पौर्णिमेच्या चार दिवस आधी गाडी येणार होती. निवृत्ती अंगणात बसून माती मळायला लागला, रंगराव साचे भरायला लागले. दुपारी घरात हसण्याचे आवाज यायचे. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, पण नवरा असा दिवसाउजेडी घरात बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता. सुख असंच असावं, असं तिला वाटलं. ती मनापासून सुखात होती, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो.

६

दवाखान्यानंतर पहिल्यांदा ती रंगवायला बसली तेव्हा तिनं भिंग लावायच्या आधी देवाचं नाव घेतलं. मग पाहिलं.

तो उंबरठ्याच्या आत आला होता.

आधी त्याच्या चारी बाजूंनी उजेड असायचा. आता डोकं चौकटीच्या वरच्या लाकडाला भिडत होतं. उजेड पाठीमागून, म्हणून तोंड नुसतं काळं. रुख्मिणीनं जागेवरूनच माणसं मोजली. निवृत्ती अंगणात माती तुडवत होता, त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. रंगराव आव्यापाशी. पंप बीबीला, पार लोणारच्या पलीकडे. मग हा कोण?

तिनं वळून पाहिलं. उंबरठा, त्यावरचं हळदीकुंकू, पलीकडे पाठमोरा निवृत्ती. मधे काही नव्हतं.

"माय, काऊन अशी पाहतं?" कावेरी म्हणाली.

"काई नाई. सरळ बस."

त्या दिवशी रुख्मिणीनं पहिल्यांदा खोटं रंगवलं. नुसतं पांढरं दार काढलं, रिकामं. दहा भुलाबाया तशा केल्या. त्या रांगेत ठेवल्या अन् तिला कळलं. नाक होतं, डोळे होते, पापण्या होत्या. पण एकही पाहत नव्हती. तिनं चाचांना दाखवल्या.

"मुरदा," चाचा म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे पाहून हळूच विचारलं, "काय सोडलं यात?"

तिनं दहाही टोपलीत भरल्या अन् घरचा रस्ता धरला. दुकानदाराचा माणूस झालेल्या जोड्या पाहायला आला, त्यानं नेमक्या त्या दहा बाजूला काढल्या. "अशा निघाल्या तर माल नको म्हणते शेट." एवढं बोलून तो गेला. निवृत्ती मातीचे हात तसेच धरून उभा होता. चेहरा पडला होता, पण बायकोला धीर द्यायला तो हसला.

"जाऊ दे व. दहा-पंधरा दिवस फवाऱ्यावर जातो मी. बीबीले फोन करतो, पंप आणून देते तो."

"नाई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की कावेरी रडायला लागली.

त्याच संध्याकाळी तिनं दहाही डोळ्यांच्या जोड्या पुसल्या अन् कावेरीला पाटावर बसवलं. जसं दिसत होतं तसं काढलं, पंप, नळी, पुढं काढलेली मान, सगळं. दहाही जणी पाहायला लागल्या.

असं होतं ते. जिवंत तोंड हवं तर त्याला काढावं लागत होतं. तोंडं जिवंत नसली तर माल परत, अन् माल परत आला की निवृत्तीच्या पाठीवर पंप. अन् तिला हेही दिसत होतं, की दर खेपेला तो थोडा पुढं आलेला असतो. उंबरठ्यापासून तिच्या पाठीपर्यंत पाच पावलं होती. ती रोज सारवायची, तिला जमीन हाताच्या मापानं ठाऊक होती. मग चार राहिली, मग तीन. तिला भीती वाटत होती, हे सांगायला नकोच. मानेवर गार वारा यायचा, औषधाचा उग्र गोडसर वास यायचा, दांड्याचा खट्-खट् आवाज आता अंगणातून नाही, घरातून यायचा. पण ती वळून पाहायची बंद झाली. पाहून दिसत नाही, मग पाहायचं कशाला? ती वाकून रंगवत राहायची, मोजत राहायची. ऐंशी झाल्या. शंभर झाल्या. सव्वाशे.

दीडशेवी भुलाबाई झाली अन् कावेरी पाटावरून उठली.

"मी नाई बसत. मले वास येते."

"कशाचा वास? पंप तर गेला."

"तुह्या पदराले येते, माय," पोर म्हणाली अन् नाक दाबून आजोबांकडे पळाली.

७

गाडी उद्या येणार होती. बायका सगळ्या झाल्या होत्या, दहा भुलोजी उरले होते. निवृत्ती हातपाय धुऊन, केस चोपडून, नवा सदरा घालून पाटावर येऊन बसला.

"घे, काढ," तो म्हणाला. "भुलोजी म्हणून तरी मले कोणी पाटावर बसवू दे."

"हलू नका."

"तू पाहून राह्यली अन् मी हलतो का?"

त्याचे डोळे निवळले होते. पांढऱ्यात आता तांबड्या शिरा नव्हत्या, गालावर मांस आलं होतं. रुख्मिणीला बरं वाटलं. हे तिनं केलं होतं, तिच्या एका केसानं. तिनं भिंग डोळ्याला लावलं अन् त्याच्या डोळ्यात पाहिलं.

दार रिकामं होतं.

तिनं पुन्हा पाहिलं. पांढरं स्वच्छ दार, चौकट, उंबरठा, मागं कडुनिंबाची एक हिरवी कोर. दारात कोणी नाही. दार ते पाट, मधल्या जमिनीवर कोणी नाही. गेला! तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. दाराच्या खालच्या बाजूला फक्त ती होती, वाकून बसलेली, नेहमीसारखी.

नेहमीसारखी नव्हती.

तिनं भिंग पुसलं. ब्रशही खाली ठेवला. डोकं होतं ते तिचंच, डोक्यावरचा पदर तिचा. खांद्यामागं एक चौकोन होता. तिनं खांदा हलवला, चौकोन हलला. ती डावीकडे सरकली, तो डावीकडे सरकला. मागं कोणी उभं असतं तर वेगळं दिसलं असतं, एवढं तिला आता पाहता येत होतं. दोन माणसं नव्हती. एकच होतं.

खट्-खट्. खट्-खट्.

तिनं खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर होता. डावा हात कमरेपाशी होता, मुठीत काहीच नव्हतं, अन् तो वर जात होता, खाली येत होता, वर जात होता, खाली येत होता, वावरात चालणाऱ्या माणसाच्या लयीत. केव्हापासून, कोणास ठाऊक. तिनं त्याला थांब म्हणून पाहिलं. तो थांबला नाही. अन् खांद्यांना, दोन्ही बाजूंना, पंपाच्या पट्ट्यानं घासून पडतात तसे दोन आग होणारे चट्टे होते. ते पण आजचे नव्हते.

"काय झालं व?" निवृत्ती म्हणाला. त्याला काहीच दिसत नव्हतं, तो फक्त बायकोच्या तोंडाकडे पाहत होता. "काय दिसते माह्या डोळ्यात?"

रुख्मिणीनं त्याच्याकडे पाहिलं. केस चोपडलेला, सदरा घातलेला, पाठ सरळ करून बसलेला माणूस. अशी सरळ पाठ तिनं लग्नाच्या मांडवातच पाहिली होती. त्याच्या मागं, पाठीवर, काही म्हणजे काही नव्हतं.

"मीच हाय," ती म्हणाली.

"बस्स? मले वाटलं अजून तो पंप दिसते का काय," निवृत्ती हसला. त्याला आता हसताना खोकला येत नव्हता. "काढ मग. दहाच राह्यले."

घशात कडू पाणी आलं होतं, ते तिनं गिळलं. उजव्या हातानं ब्रश उचलला, काळ्या रंगात टेकवला, अन् पहिल्या भुलोजीच्या डोळ्यात स्वतःला काढलं, वाकलेलं, पाठीवरच्या चौकोनासकट. भुलोजी पाहायला लागला. मग तिनं खांदा जरा उचकून पट्टा सारखा केला अन् दुसरा डोळा घ्यायला वाकली.